बर्फात जा, ड्रेसिंग होतंय!

खोपोली म्हटलं की आपल्या वीकेंडवाल्या डोक्यात तीनच गोष्टी येतात. रमाकांतचा वडापाव, पावसाळ्यातला झेनिथचा धबधबा आणि इमॅजिका. पहिल्या दोन गोष्टींवर या पानात बरंच लिहून झालंय, त्यामुळे आज तिसरीपासून सुरुवात. पाली रोडवरच्या या पार्कात २०१३ पासून आख्खी ऑफिसं पिकनिकला जातायत. तिथे 'आय फॉर इंडिया' नावाची एक राइड आहे. तुम्हाला खुर्चीत बांधतात, पाय अधांतरी लोंबकळतात, समोर भलामोठा पडदा येतो आणि तुम्ही भारतावरून उडायला लागता. खरं तर खुर्ची थोडीशीच हलत असते. पण डोंगराचं टोक जवळ आलं की ओळीतले सगळेच्या सगळे पाय वर घेतात! अकाउंट्सवाले, एचआरवाले, अगदी 'हे सगळं नकली असतं गं' म्हणणारे टीम लीडसुद्धा.

डोळ्यांनी सांगितलं की शरीर ऐकतं. साधा फंडा आहे. या फंड्यावर मजा विकता येते हे आपल्याला माहीतच आहे. पण याच फंड्यावर दुखणंही कमी करता येतं, आणि तेसुद्धा साधंसुधं नाही, भाजलेल्या माणसाच्या ड्रेसिंगचं दुखणं. हे कळल्यावर मात्र मी जाम हादरले.

गोष्ट सुरू होते खोपोलीपासून खूप लांब, अमेरिकेतल्या सिएटलमध्ये. हंटर हॉफमन हा तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधला मानसशास्त्रज्ञ. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आपलं व्हीआर, तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होतं. हेल्मेट डोक्यावर जड व्हायचं आणि ते चालवणाऱ्या कॉम्प्युटरची किंमत लाखांत मोजायची. हॉफमनसाहेब त्यावर कोळ्यांना घाबरणाऱ्या लोकांना खोटे कोळी दाखवून त्यांची भीती घालवत होते. तिकडे त्याच शहरातल्या हार्बरव्ह्यू हॉस्पिटलच्या बर्न सेंटरमध्ये डेव्हिड पॅटरसन नावाचे दुसरे मानसशास्त्रज्ञ भाजलेल्या पेशंट्सच्या वेदनांसाठी संमोहन वापरून बघत होते. १९९६ च्या सुमारास दोघे एकत्र आले. एकाकडे दुखणं होतं, दुसऱ्याकडे दुसरं जग होतं.

संमोहनाने दुखणं कमी करायचा उद्योग आपल्या देशाला नवा नाही, बरं का. १८४५ मध्ये जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन बंगालमध्ये हुगळीला पेशंटला तंद्री लावून चक्क ऑपरेशनं करत होता! पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये ईथर आलं, मग क्लोरोफॉर्म आलं आणि या तंद्रीवाल्यांची दुकानं बसली. बाटलीतलं औषध जास्त भरवशाचं होतं, त्यामुळे ते बरोबरच झालं. पण बाटली सगळीकडे पुरत नाही.

ती कुठे पुरत नाही, तर ड्रेसिंगला. भाजलेली माणसं सांगतात की भाजतानाचा क्षण एकदाच येतो, ड्रेसिंग मात्र दिवसाआड येतं. जुनी पट्टी सोडवायची, मेलेली कातडी काढायची, जखम धुवायची, पुन्हा बांधायचं. हे महिनोन्‌महिने चालतं. पेशंट नुसता पडून असताना वेदनाशामकं बऱ्यापैकी काम करतात. जखमेला हात लागला की तीच औषधं तोकडी पडतात, आणि डोस वाढवत नेला तर श्वासापासून सवय लागण्यापर्यंत सगळेच लोचे. दर ड्रेसिंगला भूल देणंही परवडत नाही, खिशाला नाही आणि शरीरालाही नाही.

सिएटलच्या जोडगोळीने पहिल्यांदा वापरलं ते कोळ्यांचंच जग. २००० मध्ये 'पेन' नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दोन टीनएजर मुलांची केस छापली. दोघेही भाजलेले. ड्रेसिंगचा थोडा वेळ त्यांना साधा व्हिडिओ गेम दिला आणि थोडा वेळ व्हीआर. व्हिडिओ गेमपेक्षा व्हीआरमध्ये दुखणं खूपच कमी जाणवलं. दोनच मुलं, म्हणजे विज्ञानाच्या हिशोबात चिल्लर. पण त्यातून पुढे एक खास जग तयार झालं. त्याचं नाव स्नोवर्ल्ड.

स्नोवर्ल्डची आयडिया झक्कास आहे. जखम उघडली की भाजलेल्या माणसाला पुन्हा ती आगच आठवते. म्हणून त्याला आगीच्या बरोब्बर उलट ठिकाणी न्यायचं! डोक्यावर हेल्मेट चढवलं की तुम्ही एका बर्फाच्या दरीतून तरंगत चाललेले असता. निळी-पांढरी थंडी, बाजूला इग्लू, पेंग्विन, बर्फाचे माणूसमामा, लोकर पांघरलेले मॅमथ हत्ती. तुम्ही त्यांना बर्फाचे गोळे मारायचे. बस्स, एवढंच. गोष्ट नाही, लेव्हल नाही, कुणी मरत नाही. पाण्याच्या टबात बसवून जखम धुतात त्या पेशंट्ससाठी त्यांनी फायबर ऑप्टिकचं खास हेल्मेटही केलं, म्हणजे पाण्यात विजेचा धोका नको. (इमॅजिकावाल्यांनीही खोपोलीच्या उकाड्यात स्नो पार्क उभारलंय, पण तिथे आपण स्वतःच्या पायाने जातो आणि भाड्याचा कोट घालून कुडकुडतो. तो मामला वेगळा.)

आता तुम्ही म्हणाल, ही निव्वळ समजूत. पेशंटचं लक्ष उडालं म्हणून तो 'कमी दुखलं' म्हणाला, दुखलं तेवढंच असणार! सेम शंका मलाही आली होती. हॉफमनच्या टीमलाही ती ठाऊक असणार, कारण २००४ मध्ये त्यांनी धडधाकट माणसांना थेट एमआरआयमध्ये घातलं, पायाला सोसेल इतपत चटका दिला आणि मेंदू बघितला. दुखण्याशी संबंधित पाच भागांमधली हालचाल व्हीआर चालू असताना निम्म्याहून जास्त उतरली. म्हणजे माणूस नुसता तोंडाने कमी सांगत नव्हता, मेंदूतच कमी चाललं होतं. पुढच्या प्रयोगात त्यांनी व्हीआर आणि मॉर्फिनच्या कुळातलं औषध दोन्ही मिळून देऊन पाहिलं, तर दोघांचा जोडीने होणारा परिणाम एकेकट्यापेक्षा सरस निघाला. इथे 'जोडीने' हा शब्द अंडरलाइन करा. औषधाच्या जागी व्हीआर नाही, औषधासोबत व्हीआर.

हे होतं कसं, ते समजायला पुन्हा खालापूरलाच यावं लागेल. एक्स्प्रेसवेचा टोलनाका आठवा. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं की मणक्यातल्या मज्जारज्जूत दुखण्यासाठी असंच एक फाटक असतं. बारीक नसांमधून दुखण्याचे ट्रक येतात, जाड नसांमधून स्पर्शाच्या भरधाव गाड्या येतात. स्पर्शाच्या गाड्यांची रांग लागली की दुखण्याच्या ट्रकना वाट कमी मिळते. गुडघा आपटला की आपण तो आधी चोळतो, का? उगाच नाही. आणि गंमत म्हणजे या नाक्याला वरच्या ऑफिसातूनही फोन येतात. मेंदू सांगतो, आज ट्रक थांबवा, इकडे दुसरंच अर्जंट काम चाललंय. मेंदूकडे लक्ष द्यायची ताकद मोजकीच असते. ती बर्फाचे गोळे मारण्यात खर्च झाली की दुखण्याच्या वाट्याला उरलेसुरले सुटे पैसे येतात.

आपल्या घरात हे कुणाला एमआरआयशिवाय कळलं नव्हतं का? पोरगं धपकन पडलं की आजी आधी जमिनीकडे बोट दाखवते, "अरे बापरे, किती मुंग्या मेल्या बघ!" पोर रडायचं थांबून मुंग्या शोधायला लागतं. मग फुंकर. फुंकरीत औषध काय असतं? गार हवा आणि आईचं तोंड जवळ, दोन्ही फाटकं एकदम बंद. जात्यावर बसलेल्या बायकांनी ओव्या काही रेकॉर्डिंगसाठी म्हटल्या नव्हत्या, दळताना खांदे भरून यायचे म्हणून गळा मोकळा सोडायच्या. फरक इतकाच की मुंग्यांची युक्ती पाच वर्षांच्या पोरावर चालते. तिशीतल्या, ओव्हरटाइम करणाऱ्या, हाताची कातडी गेलेल्या माणसाला मेलेल्या मुंग्या कोण दाखवणार?

हा तिशीतला माणूस म्हणजे माझा मामेभाऊ. खोपोलीत मोठा झाला, तिथेच शिफ्टमध्ये काम करतो. कंपनीचं नाव सांगत नाही. वाफेची एक नळी सुटली आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. 'थोडक्यात वाचला' असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही आहे. खोपोली हे कारखान्यांचं गाव. टाटांचं वीजकेंद्र इथे १९१५ मध्ये सुरू झालं, त्यामागून स्टील आलं, पाइप आले, केमिकल्स आली. वर घाट आणि एक्स्प्रेसवे. जून २०२३ मध्ये घाटात कुणे पुलावर केमिकलचा टँकर उलटून पेटला तेव्हा जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं आणि चार जीव गेले. इथल्या माणसांना जास्त भाजलेल्या पेशंटचा रस्ता पाठ असतो, ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर. दादाला तिथवर जावं लागलं नाही. त्याचं ड्रेसिंग गावातल्याच एका छोट्या हॉस्पिटलात दिवसाआड होतं.

मामी सांगायची, ड्रेसिंगच्या आदल्या रात्री तो झोपत नाही. सकाळी चहा घेत नाही. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्याचं तोंड पांढरं होतं. हा तोच माणूस, ज्याने कॉलेजात असताना फुटलेल्या हनुवटीने आख्खी कबड्डीची मॅच खेळली होती. मामा मात्र जुन्या वळणाचा. "पुरुषाच्या जातीने सोसायला पाहिजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि सिस्टरचं ठरलेलं वाक्य, "झालं, झालं, थोडंच राहिलंय." हे 'थोडं' दर वेळी वीस मिनिटं चालायचं.

मला या 'सोसायला पाहिजे'चा राग येतो. जखम बरी करणं हे हॉस्पिटलचं काम आणि दुखणं सोसणं हे पेशंटचं काम, अशी वाटणी आपल्याकडे कुणी करून ठेवलीय कोण जाणे. आपल्या कायद्यानेही बरीच वर्षं हेच केलं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे नियम इतके किचकट होते की मॉर्फिन ठेवायचं म्हटलं की हॉस्पिटलं लायसन्सच्या कागदांनाच घाबरायची. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन ते सोपं झालं. पण सवय कायद्याने बदलत नाही.

तर, आमच्या मित्रमंडळात एकाने गेमिंगसाठी व्हीआर हेडसेट घेतलाय. सिएटलच्या काळातलं ते लाखालाखांचं प्रकरण आता चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीत येतं आणि त्याला वायरसुद्धा लागत नाही. मी तो वीकेंडपुरता मागून घेतला आणि शुक्रवारी रात्रीची खोपोली लोकल पकडली. शनिवारी सकाळी आधी डॉक्टरांना भेटले. मला वाटलं होतं, हसून घालवतील. ते हसले नाहीत. त्यांनी पाच मिनिटं हेडसेट स्वतः लावून बघितला, खुर्चीचा दांडा घट्ट धरून. मग अटी घातल्या. गोळी नेहमीसारखी अर्धा तास आधी घ्यायचीच. तोंडाला लागणारा भाग स्पिरिटने पुसायचा आणि डोक्याला डिस्पोजेबल टोपी. पेशंट आडवाच राहील, मान हलवायची, हात नाही. मळमळलं की लगेच काढायचं, कारण पोटात गडबड झालेला पेशंट त्यांना टेबलावर नको होता. फिट्स येणाऱ्या किंवा चेहरा भाजलेल्या पेशंटला हे लावूच दिलं नसतं, हेही सांगून टाकलं. मला त्यांचं हे सगळं एकदम पटलं.

स्नोवर्ल्ड काही आमच्याकडे नव्हतं. बर्फात गोळे फेकायचा एक साधा गेम होता, डाव्या हाताने खेळता येणारा. दादाला आधी घरी दहा मिनिटं सराव दिला. टेबलावर तो आडवा झाला, हेडसेट चढला आणि सिस्टरने पट्टी भिजवायला घेतली.

पहिली सात-आठ मिनिटं तो गप्प होता. नुसता गप्प नाही, कामात होता. डावा हात चालू, मध्येच "हुकला च्यायला!" सिस्टर माझ्याकडे बघून भुवया उडवत होत्या. मग मनगटाजवळ पट्टी चिकटलेली होती ती सुटली आणि तो ओरडला. चांगलाच ओरडला. बर्फ वगैरे सगळं त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं असणार. असं होत नाही असं मी सांगणार नाही. हे जादूचं हेल्मेट नाही. पण नंतर त्याने पुन्हा गोळे फेकायला सुरुवात केली, ती पट्टी बांधून होईपर्यंत.

डॉक्टरांनी विचारलं, शून्य ते दहात किती? आधीच्या वेळी तो आठ सांगायचा, कधी नऊ. या वेळी पाच म्हणाला. आणि मग त्याने जे सांगितलं ते मला कुठल्या रिसर्चमध्ये सापडलं नव्हतं. "दुखलंच गं. पण तो ट्रे दिसला नाही." स्टीलचा तो ट्रे, त्यातली कात्री, चिमटा. हातात कोणतं हत्यार आलं हे बघून तो पुढचं दुखणं आधीच दुखवून घ्यायचा. त्या दिवशी ट्रेच्या जागी पेंग्विन होता. आणि वेळ? त्याला वाटलं दहा मिनिटं झाली. घड्याळात बावीस झाली होती.

म्हणूनच नुसता मोबाइल हातात देऊन हे तितकंसं साधत नाही. मोबाइलच्या कडेने ट्रे दिसतोच, खोली दिसते, सिस्टरचा चेहरा दिसतो. हेडसेट खोलीच काढून घेतो. अर्थात काहीच नसण्यापेक्षा मोबाइल बरा. २०१७ मध्ये गुंटूरला एका नर्सच्या मेंदूचं ऑपरेशन तिला जागं ठेवून करायचं होतं, तेव्हा डॉक्टरांनी तिला 'बाहुबली २' लावून दिला होता आणि ऑपरेशन पार पडलं! आपल्या डेंटल कॉलेजांनीही लहान मुलांना व्हीआर चष्मे लावून बरेच प्रयोग केलेत. त्यामुळे पुढच्या रूट कॅनॉलच्या वेळी तुमच्या डेंटिस्टला विचारायला लाजू नका. हेडसेट नसेल तर निदान इअरफोन लावू देतात का बघा, ड्रिलचा आवाज हेही अर्धं दुखणंच आहे.

आणि हो, दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून ज्यांची कंबर धरलीय (म्हणजे हे वाचणारे निम्मे तरी!), त्यांच्यासाठी खबर. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी ईझव्हीआरएक्स नावाच्या व्हीआर प्रोग्रॅमला परवानगी दिली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारा, आठ आठवड्यांचा, रोज जास्तीत जास्त पंधरा-सोळा मिनिटांचा. १७९ लोकांवरच्या चाचणीत हा प्रोग्रॅम घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं. ज्यांना साधा व्हिडिओ दाखवला त्यांच्यात हाच आकडा ४१ टक्के होता. यातला ४१ मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो. नुसतं कुणीतरी रोज पंधरा मिनिटं तुमच्या कंबरेची दखल घेतली तरी एवढ्या लोकांना बरं वाटतं! त्यामुळे गॅजेटवाल्यांनी फार कॉलर टाइट करायचं कारण नाही. इथे लक्ष उडवणं नाही, उलट श्वास, ताण, दुखण्याकडे बघायची पद्धत हे सगळं शिकवतात. ड्रेसिंगची वीस मिनिटं आणि वर्षानुवर्षांची कंबर ही दोन वेगळी जनावरं आहेत.

रविवारी रात्री हेडसेट माझ्यासोबत मुंबईला परतला. सोमवारचं ड्रेसिंग दादाने त्याच्याशिवाय केलं. मामीने फोनवर सांगितलं, की सिस्टरनी या वेळी ट्रे त्याच्या डोक्याच्या मागे ठेवला, पट्टी सलाइनने जास्त वेळ भिजवली आणि कबड्डीच्या मॅचची आख्खी स्टोरी त्याच्याकडून वदवून घेतली. आकडा सहा. मामाही आत थांबला होता म्हणे. मध्ये मध्ये स्कोअर चुकीचा सांगत होता आणि दादा तो दुरुस्त करत होता.

डॉक्टरांनी हेडसेटची किंमत माझ्याकडून लिहून घेतलीय. विकत घेतील की नाही ते माहीत नाही. त्यांचा प्रश्न साधा होता, चार्ज कोण करणार आणि पुसून कोण ठेवणार? ते काम सिस्टरकडेच जाणार, हे उघड आहे. त्या दिवशी पेशंट नसताना सिस्टरनी तो स्वतः लावून पाहिला होता. बर्फ त्यांना फारसा आवडला नाही. हेडसेट काढून, टोपी नीट करत त्यांनी विचारलं, "यात वारी दाखवता येते का हो? आमच्याकडे म्हातारी माणसं जास्त येतात."

मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, ३६० डिग्री कॅमेऱ्याने शूट केलेली असली तर येते. पुढच्या आषाढीला एखादा कॅमेरा भाड्याने मिळतो का, ते बघतेय.